नकार तिएर यांचाही

महोदय,
पॅरिस कम्यूनवर, म्हणजे १८७१मध्ये पॅरिसमध्ये काही आठवडे चाललेल्या क्रांतिकारी सत्तेवर, लिहिताना आर्चबिशप (कॅथलिक चर्चचे वरिष्ठ धर्मगुरू) जॉर्ज दार्बुआ यांच्या हत्येला एका ओळीत उरकून सारा दोष कम्यूनवर टाकू नये. ते १८६३पासून पॅरिसचे आर्चबिशप. १८७०च्या व्हॅटिकन परिषदेत पोपच्या अस्खलनशीलतेच्या (धर्मशिकवणीत पोप चुकूच शकत नाही, या) ठरावाला त्यांनी विरोध केला. रोमची मर्जी त्यांच्यावर नव्हतीच. ४ एप्रिल १८७१ रोजी कम्यूनने त्यांना पकडले. सरकारच्या कैदेतल्या क्रांतिकारक नेते ब्लांकींना सोडा, आर्चबिशप घ्या, असा प्रस्ताव कम्यूनकडून सरकारकडे गेला. पुढे एकट्या ब्लांकींच्या बदल्यात ७४ ओलीस देऊ केले. फ्रेंच सरकारचे प्रमुख तिएर यांनी तरीही नाकारले. हे दडवून सारा दोष कम्यूनवर टाकणे अन्यायाचे आहे. सरकारी सैन्य शहरात घुसल्यावर, २४ मे रोजी ला रोकेत तुरुंगात कम्यूनच्या लोकांनी दार्बुआ आणि आणखी पाच जणांना गोळ्या घातल्या.

– एक वाचक, वसई