आईची किडनी आणि नऊची गोळी

सोलापूर,
२ फेब्रुवारी

प्रिय सुध्या,

किडनी बदललेल्या माझ्यासारख्यांपैकी, अंगानं नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या कुणाच्या बंद करता येतील ते लघवीतल्या जंतूंवरून कळणार, हे तू किती आनंदानं लिहिलंस! आईला वाचून दाखवलं. ती जरा गप्प बसली, मग म्हणाली, "म्हंजे माझी किडनी तुझ्या अंगानं आपली मानली का रे?"

तेच तर अजून ठरायचंय. लघवी निर्जंतुक असते असं आपण शिकलो होतो. ते खरं नाही. धडधाकट माणसाच्या मूत्राशयातही जंतूंची वस्ती असते, नेहमीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, ती बहुधा उगवत नाही इतकंच. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०२० मध्ये मांडलं, की गोळ्यांशिवाय ज्यांची बदललेली किडनी नीट चालते, त्यांच्या लघवीतली वस्ती वेगळी असते, तिच्यात प्रोटिओबॅक्टेरिया नावाच्या गटातले जंतू जास्त. पण अशी माणसं अगदी विरळा. शिवाय जंतूंमुळे शरीरानं किडनी आपली मानली, की गोळ्या नाहीत म्हणून जंतू वेगळे, हा गुंता सुटलेला नाही.

मला यातलं दुसरंच मोलाचं वाटतं. मागच्या पावसाळ्यात मला ना जळजळ होती, ना ताप. कल्चरमध्ये ई. कोलाय हा जंतू आला म्हणून एका डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. जुलाब लागले, जुलाबांनी रक्तातलं टॅक्रोलिमस, म्हणजे माझ्या या गोळीचं औषध, चढलं, किडनी मंदावली की वाढणारं क्रिएटिनिन १.२ चं १.७ झालं. आईला वाचता येत नाही, तरी रिपोर्टमधल्या त्या ठळक आकड्यावर बोट ठेवून ती दारात किती वेळ उभी होती. किडनीच्या डॉक्टरांनी नंतर समजावलं: ऑपरेशननंतरचे पहिले एक-दोन महिने सोडले, तर त्रास नसताना नुसत्या जंतूंवर औषध सहसा देत नाहीत. ताप आला किंवा ओटीपोटात नव्या किडनीपाशी दुखलं, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

म्हणून सुध्या, गोळ्या मी मनानं एक दिवसही सोडणार नाही. यंदा सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेत, नंदीध्वजांच्या गर्दीत, नऊचा गजर झाला. मला ऐकूच आला नाही. आईनं कोपरानं ढोसलं, पदराआडच्या पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि मी गोळी गिळेपर्यंत माझ्या गळ्याकडे बघत राहिली.

वीस तारखेला रक्तातल्या टॅक्रोलिमसची पातळी तपासायची आहे. त्याआधी ये, हुरडा संपायच्या आत. आई वाट बघतेय.

तुझाच,
बाळ्या