बाजू नाण्यावर ठरू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या वाचकांच्या पत्रांत मध्यंतरी बेळगावच्या एका ज्येष्ठ वाचकांनी लिहिलं होतं की, शिवजयंतीच्या वक्तृत्व स्पर्धेला यंदा मुलंच मिळेनात. शेवटी संयोजकांनी गल्लीतली पोरं धरून आणली आणि स्टेजवर उभी केली. ‘मराठी पोरांची तोंडं मोबाईलनं शिवून टाकली’ असं त्यांचं म्हणणं. पत्रामागची कळकळ खरी आहे, पण रोगाचं निदान मला पटलं नाही, म्हणून हे लिहिते.

मी खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी शाळा. पहिली भाषा मराठी १२५ गुणांना, मग इंग्रजी, मग कन्नड. आता विद्यापीठात एम.कॉम. करते आणि तिथल्या विद्यार्थ्यांच्या वादविवाद मंडळात जाते. तिथं मराठी मुलं कमी आहेत, पण जी आहेत ती गप्प नाहीत. उलट त्यांना आवरावं लागतं.

आधी वक्तृत्व स्पर्धांबद्दल. शाळेत असताना मी त्या पुष्कळ केल्या. विषय ठरलेले: मोबाईल शाप की वरदान, पर्यावरण वाचवा, छत्रपतींचे किल्ले, मुलगी वाचवा. भाषण आमची काकी लिहून द्यायची. वहीच्या समासात पेन्सिलीनं ‘इथं हात वर’, ‘इथं थांब’ असं लिहिलेलं असायचं. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग’ इथपासून शेवटच्या जय हिंदपर्यंत सगळं तोंडपाठ. स्टेजची भीती गेली ती त्यामुळेच, हे नाकारत नाही, आणि मिळालेले कप अजून टीव्हीशेजारी आहेत. पण एवढ्या स्पर्धांत एकदाही कुणी मला ‘हे कशावरून?’ असं विचारलं नाही. परीक्षक कागदावर आकडे मांडायचे, पाहुण्यांच्या हस्ते बक्षीस मिळायचं, आणि पाहुणे आमच्यापेक्षा जास्त वेळ बोलायचे.

आजच्या मुलांना हे कंटाळवाणं वाटत असेल तर दोष मोबाईलचा नाही.

वादविवाद मंडळात मी गेले ती खरं तर मैत्रिणीला सोबत म्हणून. घरी सांगितलं तर आप्पा म्हणाले, “तिकडं जाऊन भांडायला शिकतीस काय? घरात कमी हाईत व्हय?” त्यांचंही चूक नाही. आमच्याकडे वाद घालणारी मुलगी म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

आमच्याकडे सरावाला बहुतेक वेळा एशियन पार्लमेंटरी पद्धत असते. दोन संघ, एकेका बाजूला तिघे. एक बाजू सरकार, दुसरी विरोधी पक्ष. पहिला वक्ता पंतप्रधान, दुसरा उपपंतप्रधान, तिसरा प्रतोद. समोर विरोधी पक्षनेता आणि त्याचे दोघे. विषय, म्हणजे मोशन, ऐनवेळी सांगतात आणि तयारीला अर्धा तास देतात. फोन बाजूला ठेवायचा. मग प्रत्येकी सात मिनिटं. पहिलं मिनिट आणि शेवटचं मिनिट सोडून मधल्या वेळात समोरचा उभा राहून प्रश्न टाकू शकतो. घ्यायचा की नाही ते बोलणाऱ्यानं ठरवायचं, पण एकही न घेता खाली बसलं तर परीक्षकांच्या ते नजरेत येतं. शेवटी दोन्ही बाजूंचं चार-चार मिनिटांचं उत्तराचं भाषण. मोठ्या स्पर्धांत ब्रिटिश पद्धत असते, चार संघ दोघादोघांचे, आणि तयारीला फक्त १५ मिनिटं. तिथं आपल्याच बाजूच्या पहिल्या संघानं जे सांगितलं तेच दुसऱ्यानं सांगून भागत नाही, नवं काहीतरी आणावं लागतं. हे सगळं सवयीनं जमतं.

सवयीनं जमायला जड गेलं ते वेगळंच. बाजू आपण निवडायची नाही. नाणं उडवतात, जी येईल ती.

एकदा विषय आला कळसा-भांडुरा, म्हणजे म्हादई नदीच्या या दोन नाल्यांचं पाणी मलप्रभेकडे वळवायचा कर्नाटकाचा प्रकल्प. तो व्हावा की नाही. गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्या पाण्याच्या तंट्यात लवादानं २०१८ मध्ये कर्नाटकाला म्हादईचं एकूण १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं. त्यात मलप्रभेकडे वळवायचं ते कळसा नाल्याचं १.७२ आणि भांडुऱ्याचं २.१८. हे आकडे मला पाठ होते, कारण कळसाचं काम जिथं आहे ती कणकुंबी आमच्याच तालुक्यात, आणि घरी पेपर आला की आप्पा आधी ती बातमी शोधतात. आप्पा प्रकल्पाच्या कडक विरोधात. जंगल जाईल, झरे आटतील, पाणी नेणार दुसरेच, हे मी लहानपणापासून जेवताना ऐकत आले.

नाणं पडलं आणि माझ्याकडे आलं सरकार. म्हणजे पाणी वळवा म्हणून बोलायचं. समोर विरोधात होता रामदुर्गचा एक मुलगा. त्यांची शेती मलप्रभेच्या काठाला. त्याच्या घरी नेमकं उलटं बोललं जात असणार. तो अर्धा तास मी कधी विसरणार नाही. आम्ही दोघंही आपापल्या बाकावर डोकं धरून बसलो होतो.

मी हुबळीपासून सुरुवात केली. तिथं माझी मावशी राहते. नळाला पाणी येईल त्या दिवशी ती कुठल्या लग्नाला जात नाही, घरातली पातेली, कळशा, बादल्या, सगळं भरून ठेवायचं असतं. हुबळी-धारवाडसारख्या शहरांना प्यायला पाणी लागतं, आणि लवादानं सगळ्यांचं ऐकून ठरवलेला वाटा आहे, तो घेणं म्हणजे चोरी नव्हे, असं मी मांडत होते. तेवढ्यात तो हात पुढे करून उभा राहिला. मी म्हटलं, विचारा. त्यानं विचारलं, “नाला वरच अडवला तर खालच्या गावांनी उन्हाळ्यात ज्या झऱ्यावर दिवस काढायचे, त्याचं मोजमाप तुमच्या योजनेत कुठल्या पानावर आहे?”

आप्पांचाच प्रश्न. रामदुर्गच्या पोराच्या तोंडून, कन्नडमध्ये.

मी मराठीत उत्तर दिलं. सरावाला आमच्याकडे तिन्ही भाषा चालतात. मी मराठीत, तो कन्नडमध्ये, मधे इंग्रजी शब्दांची पेरणी. कुणी भाषांतर केलं नाही आणि कुणी मागितलंही नाही. बेळगावच्या बाजारात रोज हेच चालतं, वर्गात चालायला काय हरकत?

आम्ही हरलो. परीक्षक म्हणून आमचीच एक सीनियर होती, गोकाककडची, आम्ही तिला अक्का म्हणतो. तिनं निकाल सांगून सोडून दिलं नाही, कारणं सांगितली. मला म्हणाली, “पाणी किती ते तू सांगितलंस, कुणाला हवंय ते सांगितलंस. जंगलाचं नुकसान मात्र ‘थोडंसं’ म्हणून पुढे गेलीस. थोडंसं म्हणजे किती?” वक्तृत्व स्पर्धांचे सगळे कप एका बाजूला ठेवले तरी मला एवढं नेमकं कुणी कधी सांगितलं नव्हतं.

घरी आल्यावर आप्पांना सांगितलं तर आधी ते चिडलेच. “म्हणजे तू आपल्याच गावाच्या विरोधात बोललीस?” मग जरा वेळानं, “आणि त्या रामदुर्गच्या पोरानं आपली बाजू कशी मांडली?” मी सगळं सांगितलं. झऱ्याचा मुद्दा त्यांनी परत सांगायला लावला. माझे मुद्दे मात्र त्यांनी एकदाच ऐकले, तेही भाकरी मोडत.

आमच्या भागात बाजू नाण्यावर ठरणं किती अवघड आहे, हे बाहेरच्याला कळायचं नाही. इथं आडनाव सांगितलं, शाळेचं माध्यम सांगितलं, की बाजू ठरली. सीमाप्रश्न हा विषय आमचं मंडळ घेत नाही, आणि का घेत नाही ते बेळगावात राहणाऱ्याला सांगायला नको. पण अक्कानं एकदा मला सरावासाठी काम दिलं: तुला जे पटतं त्याच्या विरुद्ध बाजूचे सगळ्यात भक्कम मुद्दे आधी लिहून आण. मी घरी बसून सीमाप्रश्नावर केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल काढला. तो १९६७ चा. त्यानं बेळगाव शहर कर्नाटकात ठेवलं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण त्याच आयोगानं निपाणी, खानापूर, नंदगड ही ठिकाणं महाराष्ट्राला द्यावीत असं सुचवलं होतं, हे खानापूर तालुक्यात जन्मून मला तोवर ठाऊक नव्हतं. घोषणा सगळ्या पाठ, अहवाल एकानं वाचलेला नाही. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तिथं उभा राहणारा वकील समोरच्याची फाईल आपल्या फाईलइतकीच वाचून जातो. आमच्या मुलांना मात्र समोरच्याचं म्हणणं नुसतं सांग म्हटलं तरी फितूर झाल्यासारखं वाटतं. माझं मत त्या कामानं बदललं का, असं कुणी विचारेल. नाही बदललं. पण आता ते मला मुद्द्यानं सांगता येतं, आवाज न चढवता.

आपल्याकडे बॅ. नाथ पैंचं नाव घेतल्याशिवाय वक्तृत्वाची गोष्ट पुरी होत नाही. १८ जानेवारी १९७१ ला ते बेळगावातच वारले; आदल्या दिवशी सीमालढ्यातल्या हुतात्मा दिनाच्या सभेत इथं बोलले होते. शहरात त्यांच्या नावाची व्याख्यानमाला भरते आणि मोठी माणसं त्यांच्या भाषणाच्या आठवणी डोळे मिटून सांगतात. मला त्यांच्या आवाजापेक्षा त्यांच्या कामाची जागा महत्त्वाची वाटते. १९५७ पासून ते लोकसभेत होते, जिथं समोरचा माणूस मधेच उठून अडवू शकतो. संसद मूलभूत हक्कांना हात लावू शकत नाही, या सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालानंतर १९६७ मध्ये, संसदेला मूलभूत हक्कांतही दुरुस्ती करता यावी म्हणून त्यांनी खासगी विधेयक आणलं, तेव्हा त्यावर घमासान चर्चा झाली आणि ते त्यांना तिथंच निभावावं लागलं. पाठ केलेल्या भाषणावर असलं काही निभत नाही. आपण त्यांची नुसती शब्दांची फेक उचलली, उत्तरं द्यायची तयारी उचलली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्येष्ठांना राग आला तर यावा.

आता भाषेचं. मराठी शाळेतून आलेली मुलं मंडळाच्या दारात येतात आणि इंग्रजी ऐकून परत फिरतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आंतरविद्यापीठ युवा महोत्सवात वादविवाद हिंदी किंवा इंग्रजीतच असतो, म्हणजे पुढे जायचं तर त्यातली एक भाषा हवीच. पण इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांची अडचण मोठ्या ठिकाणीही मान्य केलेली आहे. जागतिक विद्यापीठ वादविवाद स्पर्धेत, जिची २०१४ ची फेरी चेन्नईत भरली होती, अशा वक्त्यांच्या संघांसाठी वेगळा गट आणि वेगळी अंतिम फेरी असते. तेव्हा ‘माझं इंग्रजी कच्चं आहे’ हे कारण घरी बसायला पुरेसं नाही. मुद्दा आधी मराठीत पक्का करावा, इंग्रजी मागून येतं. माझं अजून अडखळतच येतंय, पण येतंय.

मुलींची अडचण निराळी. सराव वर्गातले तास संपल्यावर असतो, शिपाईकाका किल्ल्या वाजवत दारात उभे राहीपर्यंत चालतो. जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे आम्हा मुलींना सरकारी बसला पैसे लागत नाहीत, याचा फार उपयोग झाला. नाहीतर रोजच्या भाड्यावरूनच घरी नाही म्हटलं असतं. पण फुकट बसही वेळेवर असावी लागते. खानापूर स्टँडवर उतरल्यावर गावाकडची गाडी गेली की वडापच्या जीपसाठी थांबायचं, आणि अंधार पडला की घरून फोन सुरू. आम्ही मागणी केली तेव्हा आता एक सराव शनिवारी दुपारी असतो. त्या दिवशी मुली दुप्पट येतात. सगळीकडच्या संयोजकांनी एवढं एक पाहिलं तरी पुरे.

त्या ज्येष्ठ वाचकांना माझी विनंती अशी. पुढच्या शिवजयंतीला वक्तृत्व ठेवाच, लहान मुलांना ते हवंच. पण आठवीच्या पुढच्या मुलांसाठी एक वादविवादाची फेरी घ्या. विषय गावातला ठेवा: उसाची बिलं, आठवडी बाजाराची जागा, गणपतीतला डॉल्बी, मराठी शाळांची घटती पटसंख्या. बाजू नाणं उडवून द्या. मुलं मराठीत बोलोत, कन्नडमध्ये बोलोत, शेजारच्या कन्नड शाळेलाही बोलवा. आमच्या मंडळातली आम्ही काही मराठी मुलं-मुली रविवारी येऊन पद्धत समजावून देऊ, मानधन नको, जेवण चालेल. साहित्य म्हणून एक घड्याळ आणि टेबलावर मारायची एक घंटी लागते. आणि परीक्षकांनी निकालाची कारणं सांगायला दहा मिनिटं राखून ठेवा. पाहुण्यांची भाषणं आखूड केली की तेवढा वेळ सहज निघतो.

आपली,
एम.कॉम.ची एक विद्यार्थिनी
ता. खानापूर, जि. बेळगाव
(नाव व पत्ता कार्यालयाकडे स्वतंत्र कळवला आहे.)