कुकीजची कृती वाटीत नको, ग्रॅममध्ये छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ओट्स आणि सुक्या मेव्याच्या कुकीजची कृती पुरवण्यांत वरचेवर येते. ‘एक वाटी ओट्स, अर्धी वाटी बटर, बटर खोलीच्या तापमानाला आणावे’ असं तिच्यात असतं. घरोघरची वाटी वेगळी, आणि पीठ दाबून भरलं की त्याच वाटीत कितीतरी जास्त मावतं. म्हणून मापं कृपया ग्रॅममध्ये छापावीत.

खोलीच्या तापमानाचा घोळ त्याहून मोठा आहे. मूळ कृतीत ते 20 अंशांच्या आसपास धरलेलं असतं. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर जातो आणि बटर 32 ते 35 अंशांतच वितळतं. पातळ बटर साखरेबरोबर कितीही फेसलं तरी त्यात हवा धरत नाही. मग ओव्हनमध्ये पीठ आळण्याआधीच कुकी पसरते आणि ट्रेमध्ये पापडासारखी चपटी होते. उन्हाळ्यात बटर फ्रिजमधून काढून बोट टेकवल्यावर खळगा पडेल इतपतच मऊ होऊ द्यावं, शक्यतो सकाळी लवकर फेसावं आणि गोळे करून 30 ते 40 मिनिटं फ्रिजमध्ये ठेवावेत. तेवढ्या वेळात ओट्स दूधही शोषून घेतात.

साधारण 20 कुकीजसाठी प्रमाण असं: बटर 100 ग्रॅम, चाळलेली गूळ पावडर 70, साखर 40, गव्हाचं पीठ 100, रोल्ड ओट्स 120, दूध 30 मिली, खायचा सोडा पाव छोटा चमचा, बेदाणे 50, बदाम-काजू किंवा शेंगदाणे 50 ग्रॅम. बटर खारं असेल तर वेगळं मीठ नको. सोडा वाढवला की कुकी फुलण्याऐवजी साबणासारखी लागते. इन्स्टंट ओट्सचा लगदा होतो, ते टाळावेत. पिठातलं 30 ग्रॅम ज्वारीचं घेतलं तर खुसखुशीतपणा छान येतो. पण ज्वारीत पीठ बांधून धरणारं ग्लुटेन नसल्यामुळे निम्म्याच्या वर गेल्यास कुकी उचलतानाच तुटते.

बेदाण्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. आपल्या पंढरपूरच्या बाजारात उत्तम बेदाणा मिळतो, पण द्राक्षं सुकवण्याआधी, लवकर वाळावीत म्हणून, डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवलेली असतात आणि रॅकवर धूळही बसते. कोमट पाण्यात धुऊन 10 मिनिटं भिजवावा आणि फडक्यावर पूर्ण कोरडा करावा. ओला राहिला तर मिश्रण सैल पडतं. न भिजवलेला बेदाणा मिश्रणातलाच ओलावा ओढतो, आणि वर आलेला जळून कडू होतो. म्हणून गोळा वळताना बेदाणे आत दाबावेत. बदाम-काजू आधी 150 अंशांवर 8 ते 10 मिनिटं भाजून गार करावेत, नाहीतर कुकीत ते मऊच राहतात.

ओव्हन 170 अंशांवर आधी तापवून 12 ते 14 मिनिटं भाजावं. गुळामुळे रंग लवकर येतो, त्यामुळे 180 नको. कडा तांबूस आणि मध्यभाग मऊ दिसला की ट्रे बाहेर काढावा. इथे बहुतेकांना कुकी कच्ची वाटते आणि ते आणखी 5 मिनिटं ठेवतात. मग गार झाल्यावर ती दाताने फुटत नाही. 10 मिनिटं ट्रेमध्येच राहू दिली की ती आपोआप घट्ट होते. डब्यात मात्र पूर्ण गार झाल्यावरच भरावी.

ओव्हन नसेल तर ‘कुकरमध्ये भाजा’ हा सल्लाही छापू नये, ही विनंती. कुकर पाण्याविना तापवणं त्याच्यासाठी चांगलं नाही. जाड बुडाची कढई, तळाला मीठ, वर जाळी आणि घट्ट झाकण पुरेसं आहे. मंद आचेवर कढई 10 मिनिटं तापवून एका वेळी चार-पाचच कुकीज ठेवाव्यात. वेळ 20 मिनिटांच्या आसपास लागतो, आणि वरून रंग कमी येतो म्हणून खालची बाजू उचलून पाहावी.

— बेकिंगचे वर्ग घेणाऱ्या वाचक, जुळे सोलापूर