दलाली किती, कोणाकडून, हे आधी लिहून द्यावे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या घराच्या व्यवहारात दोन्ही बाजूंकडून टक्का-दोन टक्के आणि भाड्याच्या घरासाठी एक महिन्याचे भाडे, ही नवी मुंबईतील दलालीची रूढ पद्धत आता मोडू लागली आहे. घरमालक संकेतस्थळावर स्वतःच जाहिरात देतात, भाडेकरू थेट त्यांना फोन करतात आणि नुसते कुलूप उघडून घर दाखवण्याचे एवढे पैसे कशाला, असे विचारतात. नेरूळमध्ये हाच व्यवसाय करीत असूनही मला हा प्रश्न रास्त वाटतो.

मात्र घर दाखवणे हा आमच्या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. येथील बहुतेक इमारती नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर उभ्या असल्यामुळे घर विकताना सोसायटीचा ना हरकत दाखला, सिडकोचे हस्तांतरण शुल्क, त्रिपक्षीय करारनामा आणि विक्रेत्याचे कर्ज शिल्लक असल्यास बँकेचा दाखला, हे सारे क्रमाने जुळवावे लागते. सिडकोच्या जुन्या वसाहतींतील एखादे छोटे घर पूर्वी केवळ मुखत्यारपत्रावर विकले गेले असेल, तर त्याची कागदपत्रे लावताना पाम बीच रस्त्यावरील महागड्या सदनिकेपेक्षा अधिक घाम गाळावा लागतो, आणि टक्केवारीच्या हिशेबाने दलाली मात्र कमी मिळते. म्हणून घर शोधून देणे, कागदपत्रे तपासणे आणि हस्तांतरण पूर्ण करून देणे यांचे शुल्क वेगवेगळे सांगावे आणि ग्राहकाला हवे तेवढेच काम घ्यावे. अकरा महिन्यांनी त्याच भाडेकरूचा करार पुन्हा करताना महिन्याचे भाडे मागणे तर सोडूनच द्यावे. ऑनलाइन नोंदणीच्या कामापुरते ठरावीक शुल्क पुरे.

नव्या प्रकल्पांत बांधकाम व्यावसायिक एजंटाला ‘चॅनेल पार्टनर’ म्हणून दलाली देतो. ती घेऊन खरेदीदाराकडूनही गुपचूप पैसे घेणारे आमच्यात आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, २०२३ मध्ये एजंटांसाठी प्रशिक्षण व परीक्षा बंधनकारक केली, हे चांगलेच झाले. परंतु रेरा कायद्यातील एजंट-नोंदणीची सक्ती नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीपुरती असल्याने जुन्या घरांचे आणि भाड्याचे बरेच व्यवहार आजही तोंडी बोलीवर चालतात. अमेरिकेत एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेने न्यायालयीन दाव्यांत केलेल्या तडजोडीनुसार ऑगस्ट २०२४ पासून खरेदीदाराला घर दाखवण्यापूर्वी एजंटाला मोबदल्याचा लेखी करार करावा लागतो. आपल्याकडे तशी सक्ती होण्याची वाट कशाला पाहायची?

आमच्या स्थानिक संघटनांनी एक पानाचा मराठी नमुना तयार करावा. एजंट कोणते काम करणार, पैसे कोणाकडून व केव्हा घेणार, १८ टक्के जीएसटी लागू असल्यास तो सांगितलेल्या रकमेत धरला आहे की नाही आणि व्यवहार फिसकटल्यास काय, एवढे त्यात असावे, आणि पहिले घर दाखवण्यापूर्वी त्यावर दोघांच्याही सह्या व्हाव्यात.

आपला,
एक इस्टेट एजंट, नेरूळ, नवी मुंबई