रिंग नकाशावर नको, जमिनीत हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गावोगावी इंटरनेट पोचवण्याच्या भारतनेट योजनेच्या सुधारित कार्यक्रमाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२३ मध्ये मंजुरी दिली. त्यात ग्रामपंचायती फायबर केबलच्या रिंगने, म्हणजे फिरून मूळ जागी येणाऱ्या बंद वर्तुळाने, जोडायच्या आहेत. निर्णय योग्यच आहे. सरळ मार्गात केबल एका जागी तुटली की पुढची सगळी गावे बंद पडतात. रिंगमध्ये डेटा उलट्या बाजूने फिरून पोचतो. राउटरचे सेटिंग नीट असेल तर हा बदल ५० मिलिसेकंदांच्या आसपास होतो, चालू फोनकॉलही तुटत नाही.

पण रिंगच्या दोन्ही बाजू एकाच चरातून नेल्या, तर ती रिंग फक्त नकाशावर असते. गावाला रस्ता एकच आणि खोदाईचा खर्च मीटरवर, म्हणून हा मोह होतो. मग पाण्याची पाइपलाइन टाकताना जेसीबीचा एक दात दोन्ही बाजू एकदम तोडतो. काम ताब्यात घेताना राउटरच्या एका पोर्टची (केबल जोडायच्या जागेची) जोडणी काढून चाचणी घेतली, तर अशी रिंगही पास होते, कारण चर एकच आहे हे राउटरला कळत नाही. त्यासाठी दोन्ही मार्ग चालत जाऊन जीपीएसवर नोंदवावे लागतात. पुलासारख्या ठिकाणी मार्ग एकत्र येणे अटळच असेल, तर निदान पुलाच्या दोन वेगळ्या कडांनी केबल न्यावी.

दुसरी गोष्ट देखभालीची, आणि तीच सर्वांत दुर्लक्षित. रिंग एका जागी तुटली तरी गावात नेट चालूच राहते, त्यामुळे तक्रार येत नाही. ती तूट महिनाभर तशीच पडून राहते आणि दुसरीकडे केबल तुटली की मधली सगळी गावे एकदम बंद. म्हणून कंत्राटातला दंड गाव बंद पडल्यावर नव्हे, रिंगचा कोणताही दुवा तुटल्यापासून मोजावा.

विजेचेही तेच. ग्रामपंचायतीतला राउटर बंद पडला की रिंग तिथेच तुटते. एकाच फीडरवरच्या (वीजवाहिनीवरच्या) दोन पंचायतींची वीज गेली आणि बॅटऱ्या उतरल्या, तर त्यांच्यामधली गावे केबल शाबूत असूनही तुटतात. बॅटरीची चाचणी दर तिमाहीला प्रत्यक्ष भार देऊन घ्यावी. नुसते व्होल्टेज मोजून जुनी बॅटरी ओळखता येत नाही.

आपला,
एक दूरसंचार अभियंता