‘अर्धवट कुठलं सोडलंत?’ असं विचारणाऱ्या वाचकमित्रास

सप्रेम नमस्कार,

‘डिस्टोपियन काहीतरी सुचवा’, म्हणजे भयाण, जुलमी समाज रंगवणारी एखादी कादंबरी सुचवा, एवढंच मी म्हटलं होतं. दुसऱ्या कुणी लगेच दहा नावं तोंडावर फेकली असती. तुम्ही उलट मलाच विचारलंत, “अर्धवट कुठलं सोडलंत? आणि नेमकं कुठे?”

ओशाळलेच मी. ऑर्वेलचं ‘१९८४’ दोनदा हाती घेऊन दोन्ही वेळा एकाच जागी सोडलं होतं: नायक विन्स्टन ते बंदी घातलेलं पुस्तक वाचायला घेतो तिथे. गोष्ट राहते बाजूला आणि पानंच्या पानं निबंध. (ऐकता ऐकता त्याच्या प्रेयसीला, ज्युलियालाही झोप लागते, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा फार बरं वाटलं.) “तेवढं चाळून पुढे जा, पण परिशिष्ट गाळू नका,” असं बजावलंत. न्यूस्पीकवरचं, म्हणजे तिथल्या राजवटीने शब्द छाटून घडवलेल्या भाषेवरचं, ते परिशिष्ट दिसतं व्याकरणाच्या टिपणासारखं. एरवी मी ते उघडलंही नसतं. पण ते सगळं भूतकाळात आहे. न्यूस्पीक ही ओशनियाची, म्हणजे कादंबरीतल्या त्या देशाची, अधिकृत भाषा ‘होती’. त्या ‘होती’पाशी मी थबकले. म्हणजे ती राजवट कधीतरी संपली? ऑर्वेलला तेच म्हणायचं होतं की नाही यावर लोक वाद घालतात, घालोत बापडे.

मग तुम्ही मला आणखी मागे नेलंत, रशियन लेखक झाम्यातिनच्या ‘वी’कडे. १९२०-२१ च्या सुमारास लिहिलेली कादंबरी, आणि लेखकाच्या मायदेशात छापली गेली १९८८ मध्ये! माणसांना नावं नाहीत, क्रमांक. घरं काचेची, आणि पडदे ओढायचे तर गुलाबी तिकीट हवं. ‘१९८४’ येण्याच्या तीन वर्षं आधी ऑर्वेलने तिचं परीक्षण लिहिलं होतं, हेही तुमच्याकडूनच कळलं. हक्सलीचं ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ मात्र जमलं नाही हो. कल्पना जबरदस्त, माणसं कागदी. भांडू कधीतरी.

खरे आभार मानायचेत ते लेखिका उर्सुला ले ग्विनच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ या कादंबरीबद्दल. जादूगार, ड्रॅगन म्हटलं की मी नाक मुरडायचे. इथे जादू म्हणजे वस्तूचं खरं नाव ठाऊक असणं. नाव कळलं की वस्तू ताब्यात. गेड हा पोरगा निव्वळ ईर्षेपोटी नको ती विद्या वापरतो आणि एक सावली मोकळी सुटते. तो तिच्यापासून पळत राहतो, पळत राहतो, आणि मग गुरू त्याला सांगतो, आता वळ आणि तूच तिच्या मागे लाग. तिथून पुढे मी पुस्तक खाली ठेवलं नाही.

एकीकडे शब्द कापून काढून माणसांना मुकं करणारी राजवट, दुसरीकडे एका खऱ्या शब्दासाठी जिवावर उदार होणारा पोरगा. ही जोडी तुम्ही मुद्दाम लावलीत ना?

असो. पुढचं नाव सांगा. तुम्ही विचारायच्या आतच कबूल करते: ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’, पहिला खंड, टॉम बॉम्बाडिल गाणी म्हणत येतो तिथे.

तुमची,
एक सुधारलेली वाचक