मंत्रिमहोदय, माझ्या विद्यार्थिनीचा निकाल ओटीपीपायी अडलाय!

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, सादर नमस्कार.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका अनुदानित महाविद्यालयात मी 17 वर्षे भौतिकशास्त्र शिकवतो. आजवर कुणाही मंत्र्याला पत्र लिहिले नव्हते. पण गेल्या सोमवारी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा निकाल लागला, माझ्या एका विद्यार्थिनीच्या नावापुढे ‘राखीव’ आले, म्हणजे तिचा निकाल रोखून ठेवला गेला, आणि तेव्हापासून मला धड झोप नाही.

तिने सगळे पेपर दिले, प्रात्यक्षिके दिली, फी भरली. अडले ते क्रेडिट बँकेच्या, म्हणजे विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक ऑनलाइन जमा ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, खात्यावर. खात्याला डिजिलॉकर (कागदपत्रांचे सरकारी ऑनलाइन कपाट) हवे, डिजिलॉकरला आधार हवे, आणि आधारला जोडलेला मोबाइल वडिलांच्या खिशात. परीक्षेचे अर्ज भरायच्या दिवसांत वडील बारडोलीकडे ऊसतोडीला होते. ओटीपी फडात जायचा, त्यांना वाचता येत नाही, मुकादमाला शोधून त्याच्याकडून वाचून घेईपर्यंत त्याची वेळ संपायची. असे तीन वेळा झाले. चौथ्यांदा जमले, तर नाव जुळेना! गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. महाराष्ट्रात दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते, हे यंत्रणा उभारणाऱ्या एकालाही ठाऊक नव्हते का? बी.एड.च्या प्रवेशाची मुदत जवळ आली आहे आणि ती मुलगी रोज माझ्या दाराशी येऊन उभी राहते. तिला काय सांगू?

मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो. 2020 च्या टाळेबंदीत माझ्या वर्गातल्या 48 पैकी 11 मुले ऑनलाइन तासाला यायची. बाकीच्यांच्या पाड्यांवर रेंजच नव्हती. तेव्हा मी घरातल्या फळ्यासमोर फोन टेकवून आठ-दहा मिनिटांचे 62 पाठ रेकॉर्ड केले. आठवडे बाजारातल्या मोबाइल दुकानदाराने ते मेमरी कार्डांवर फुकट उतरवून दिले, मुलांनी ते एकमेकांना दिले. त्या सहा महिन्यांत माझे डोळे बिघडले, घसा बसला, बायको आजारी असताना मी पाठ जोडत बसलो. कुठल्याही कार्यभारात त्याची एका तासाचीही नोंद नाही. पण मुले शिकली, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

आमच्या प्रयोगशाळेत धड चालणारी दोनच स्टॉपवॉच आहेत. म्हणून मी मुलांच्या फोनमध्ये फायफॉक्स हे जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाचे मोफत ॲप टाकून दिले. एकदा उतरवले की त्याला इंटरनेट लागत नाही. फुग्याला चेंडू बांधायचा, 1 मीटर उंचीवर टांगायचा आणि फुगा फोडायचा. फुटल्याचा आवाज आणि चेंडू फरशीवर आपटल्याचा आवाज, या दोहोंमधली वेळ फोन मोजतो: साधारण 0.45 सेकंद. त्यावरून गुरुत्वत्वरण काढायचे. जिचा निकाल आज अडला आहे, त्याच मुलीने पहिल्या वर्षी ते 9.7 काढले होते (पुस्तकात 9.8) आणि उरलेली चूक कुठून आली ते फळ्यावर येऊन समजावले होते. डिजिटल शिक्षण म्हणजे मला हे वाटते.

आणि आम्हाला मिळाले काय? दोन वर्षांपूर्वी भिंतीएवढा इंटरॅक्टिव्ह पॅनल आला. फीत कापताना एका अधिकाऱ्यांनी व्यासपीठावरून शब्द दिला, ‘तीन महिन्यांत ब्रॉडबँड येईल.’ ते आजतागायत आलेले नाही. पहिल्याच पावसाळ्यात वीज खालीवर झाली आणि पॅनल बंद पडला. दुरुस्तीचा माणूस अजून फिरकलेला नाही. पण जिओटॅग, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेले, फोटो मात्र मागितले जातात! पाच वर्षांत तीनशे-साडेतीनशे तरी पाठवले असतील. शिकवणे थांबवून फोटो काढायचे, ते अपलोड करायला रात्री एक वाजता उठायचे, कारण दिवसा सर्व्हर चालत नाही. त्या फोटोंतली मुले काय शिकली, असे मला आजवर कुणीही विचारलेले नाही.

‘स्वयम्’ हे केंद्र सरकारचे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे संकेतस्थळ जुलै 2017 मध्ये सुरू झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2021 च्या नियमांनी एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम त्यावरून करायची मुभा दिली. उत्तम. पण घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणाऱ्या, मराठीसुद्धा शाळेत शिकलेल्या मुलीला इंग्रजीतली तासाभराची व्याख्याने कशी पेलायची? आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल या प्रकल्पाने संगणकाचे पाठ मराठीत आणले, इंटरनेटशिवाय चालतील असे केले. म्हणजे हे करता येते. मग बाकीच्यांना कोण अडवते?

आमच्याकडे मंजूर पदे 22, भरलेली 9. उरलेले तास तासिका तत्त्वावरचे तरुण शिक्षक घेतात आणि त्यांचे मानधन सहा-सहा महिने थकते. त्यांनी कुठल्या उमेदीने नवे तंत्र शिकायचे? 2017 साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका घाईने संगणकावर तपासायला घेतल्या, निकाल महिनोन्‌महिने रखडले, शेवटी कुलगुरूंना हटवले गेले. पण ज्यांचे पुढचे प्रवेश हुकले, त्या मुलांचे कुणी काय भरून दिले? घाई वर होते आणि किंमत खालची पोरे मोजतात. हे किती वर्षे चालणार?

माझे मागणे लहान आहे. नाव किंवा ओटीपी जुळला नाही म्हणून कुणाचा निकाल अडवू नका. प्राचार्यांची सही आणि ओळखपत्र पुरेसे माना. पॅनलच्या आधी वीज, इंटरनेट आणि तालुक्याला एक तंत्रज्ञ द्या. मराठीतले पाठ उतरवून घेता येतील असे द्या. शिक्षकाने पाठ तयार केला, तर ते तास त्याच्या कार्यभारात धरा.

आणि महोदय, हे सगळे होईल तेव्हा होवो. त्या मुलीचा निकाल मात्र या आठवड्यात लागू द्या. वडील आता घरी आले आहेत आणि मोबाइल तिच्या हातात आहे.

आपला,
एक भौतिकशास्त्राचा प्राध्यापक